चार वाजून दहा मिनिटं

१

धाकटीचं काम म्हणजे लोकांच्या छातीवर यंत्र चिकटवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते काढून चोवीस तासांत त्यांच्या काळजाचं काय काय झालं ते वाचायचं. हृदयाच्या दवाखान्यात मागच्या अंगाला तिची खोली होती. एक पलंग, एक संगणक, एक खिडकी आणि भिंतीवर हसऱ्या हृदयाचं एक भयंकर चित्र. पेशंट तिला ‘पट्टीवाल्या ताई’ म्हणत. घरी ती धाकटी.

यंत्र काडेपेटीएवढं. ते लावलं की ती प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद ठेवायची. किती वाजता काय केलंत ते यावर लिहा: जिना चढलो, जेवलो, झोपलो. मग एका बाजूला तो कागद आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरची ठोक्यांची रेघ, दोन्ही ताडून बघायचं. कागदावर माणसं खोटं बोलतात, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. एका निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलं होतं, ‘साडेसात: शांतपणे बातम्या ऐकल्या.’ साडेसातला त्यांचं हृदय मिनिटाला एकशे बेचाळीस.

“सर, बातम्या ऐकल्यात की बातम्या देणारीच्या मागे धावलात?”

हेडमास्तर लाजले. मग खाली बघत म्हणाले, “मुलाचा फोन आला होता.”

दवाखान्यात नव्या धर्तीची यंत्रं आली तेव्हा ती आधी कर्मचाऱ्यांवर आठवडाभर लावून बघायचं ठरलं. धाकटीनं स्वतःलाही एक लावलं आणि विसरून गेली. आठ दिवसांनी ते काढून रेघ उघडली, तर रेघ गुणी बाळासारखी सरळ. फक्त दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती उसळत होती. बहात्तरवरून एकशे अठ्ठावीस. सहा मिनिटं तिथेच. मग जणू काही झालंच नाही अशी खाली.

तिनं कागद बघितला. ‘४.१०: केळं खाल्लं.’

केळं खाऊन कोणाचं काळीज असं उडत नाही. शिवाय केळं एका दिवसाचं, उसळी आठही दिवसांची. रविवारी चार-दहाला तर ती गाढ झोपलेली होती. आणि या आठ दिवसांत एकदाही तिला छातीत काही जाणवलं नव्हतं.

२

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून रेघ बघितली.

“चार-दहाला काय असतं तुझं?”

“काहीच नसतं.”

“आत्ता नाही गं. लहानपणी काय असायचं?”

धाकटीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाई बघतच राहिल्या, कारण पट्टीवाल्या ताईला शब्द सुचला नाही असं या दवाखान्यात आजवर घडलं नव्हतं.

लहानपणी चार-दहाला बाबा उठायचे.

बाबा बर्फाच्या कारखान्यात कायमचे रात्रपाळीला. सकाळी नऊला झोपत, चार-दहाला उठत, सातला पुन्हा कामावर. नऊ ते चार-दहा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये आवाज नसायचा. आवाज कमी नसायचा, नसायचाच. नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली, म्हणजे पाणी तिच्यावरून घरंगळत उतरेल. कडीला चिंधी. पातेल्यात पातेलं ठेवताना मध्ये फडकं. दादा आणि ती शाळेतून आले की जिना चवड्यांवर चढत आणि घरात खुणांनी बोलत: दोन बोटं म्हणजे भूक, कान धरला म्हणजे तू चुकलास. शिंक आली तर उशीत. एवढं करूनही काहीतरी व्हायचंच. पेन्सिल गडगडायची.

बाबा मारायचे नाहीत. आवाजही चढवायचे नाहीत. ज्याच्या हातून चूक झाली त्याला पलंगासमोर उभं करायचे, बस. स्वतः चहा पीत, नखं कापत, समोर बघत बसायचे. सात वाजेपर्यंत. जवळजवळ तीन तास. एकदा दादाची चड्डी ओली झाली, तरी त्याला हलू दिलं नाही. दादा तेव्हा आठ वर्षांचा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

यातलं थोडंसंच तिनं बाईंना सांगितलं, तेही हसत हसत.

“अगं, मग यात गूढ काय आहे?” बाई म्हणाल्या. “मन विसरतं, शरीर विसरत नाही. लहानपणी रोज ठरल्या वेळी धसका घेतला, तर शरीर ती वेळ धरून बसतं. तुझ्या हृदयाला काही झालेलं नाही. काळजी करू नकोस.”

धाकटीला हे पटलं. तिला अशीच उत्तरं आवडायची, ज्यात कोणाचीतरी चूक स्पष्ट दिसते.

३

दादा छापखान्यात यंत्रांवर होता. दिवसभर कानठळ्या. धाकटी त्याला म्हणायची, आपण दोघं आवाजाकडे पळून आलेली माणसं आहोत. तो तिला तोफ म्हणायचा.

“तोफ, मला काही होत नाही,” तो म्हणाला. “लाव तुझी पट्टी. पण वहिनीला सांगू नकोस, लगेच माझं मीठ बंद करेल.”

त्याच आठवड्यात तिनंही दुसरं यंत्र लावलं. सात दिवसांनी दोघांच्या रेघा एकाखाली एक ठेवल्या. दादाचीही चार-दहाला उसळी. तिला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, भावंडांना जसं एकाच वेळी ताप आल्यावर वाटतं.

मग तिला मंगळवार दिसला.

मंगळवारी तिची उसळी चार-दहाला नव्हती. चार वाजून तेवीस मिनिटांनी होती. तिनं यंत्राचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. मग तिनं खाली दादाचा मंगळवार बघितला.

चार वाजून तेवीस.

ती खुर्चीत मागे रेलली. शरीराला वेळेची सवय लागते, मान्य. पण ही कसली सवय, जी गावाच्या या टोकाला आणि त्या टोकाला, एकमेकांशी बोलणंही न झालेल्या दोन माणसांमध्ये, त्याच दिवशी, तेराच मिनिटं उशिरा येते? तिनं योगायोग म्हणून बघितलं. मग यंत्रातली खोट म्हणून बघितलं. दोन्ही यंत्रं बदलून आणखी सात दिवस घेतले. सातही दिवस चार-दहा, दोघांचंही. म्हणजे यंत्रं ठणठणीत होती.

तिनं बाईंना हे दाखवलं नाही.

४

रविवारी ती दादाकडे गेली. दादा पोरीला हसवत होता. डोक्यावर चाळण घालून तो राजा झाला होता आणि वहिनीकडे वसुली मागत होता. दादाची पोर, भिंगरी, सहा वर्षांची. ती हसत होती. तोंड उघडं, खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी.

आवाज नव्हता.

धाकटीला वाटलं, आपल्याच कानाला दडा बसला. पण वहिनी बोलत होती ते ऐकू येत होतं.

“भिंगरे, हसण्याचा आवाज कुठे गेला गं तुझा?”

“पोटात ठेवते,” भिंगरी हळूच म्हणाली.

वहिनीनं चाळण काढून घेतली. “हल्ली हे असंच. शाळेत बाईंनी नाव पुकारलं की बोट वर करते, ‘हजर’ म्हणत नाही. पोट दुखतं म्हणते. आई म्हणतात, शहाणी झालीय. असलं शहाणपण काय कामाचं?”

आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, मग ओळखही गेली. डोळे मिटून पडून असत. नळीतून पातळ अन्न जायचं. त्याआधी दादानं पोरीला त्या घराची पायरी चढू दिली नव्हती. आता कसली भीती? आता बाबा म्हणजे पलंगावरचं गाठोडं. दादा-वहिनी दोघं कामावर जात, म्हणून शाळा सुटली की भिंगरी आजीकडे. एक ते सहा. चार महिने झाले होते.

धाकटीनं भिंगरीलाही पट्टी लावली. गोष्ट रचून सांगितली, की हा एक छोटा उंदीर आहे, तो तुझ्या छातीचं ऐकतो. कागद आजीनं भरायचा.

तीन दिवसांनी तिनं रेघ उघडली तेव्हा ती उभी होती. बसायचं धाडस झालं नाही. चार-दहा. शहाण्णववरून एकशे एकावन्न. या पोरीनं बाबांना कधी धड उभं बघितलेलं नाही, तिच्या नावानं ते कधी काही बोललेले नाहीत. कागदावर आईचं टपोरं अक्षर, तिन्ही दिवस तेच: ‘४.१० ते ४.२०: गप्प बसलो.’

बसली नव्हे. बसलो.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला धाकटी आईकडे धडकली. आई मटार सोलत होती. दाणे पडायचं पातेलं आतून फडक्यानं मढवलेलं. नळाला चिंधी. कडीला चिंधी. दोन खोल्यांच्या मधला पडदाही तोच, जाड, मातकट.

“आई, हे अजून कोणासाठी?”

“सवय.”

“तुला सवय असेल. त्या पोरीला का लावतेस?”

“मी काही लावलं नाही. मुलं बघतात आणि शिकतात.” आई कुजबुजल्यासारखंच बोलायची, नेहमी. तिचा खरा आवाज कसा होता ते बहुधा तिलाही आठवत नसेल.

धाकटीनं रेघांचे कागद तिच्यासमोर पसरले. आईनं हात पुसून ते बघितले, जसं कोणी दुसऱ्याच्या घरचे फोटो बघतं.

“या मंगळवारी काय झालं होतं? पंधरा दिवसांपूर्वीच्या?”

“काय व्हायचंय? दुपारचं औषध द्यायला मला उशीर झाला,” आई म्हणाली. “तेरा मिनिटं.”

तेरा हा आकडा धाकटीनं उच्चारला नव्हता. कागदावर तो कुठेही लिहिलेला नव्हता.

“म्हणजे?”

“म्हणजे काय? औषध उशिरा, तर सगळंच उशिरा. दहा मिनिटं गप्प बसलं की पुन्हा लागते त्यांची झोप.”

“पुन्हा? म्हणजे मोडते?”

आईनं एक शेंग उघडली. “मटार किडके निघालेत या वेळी.”

“आई!”

“हळू.”

त्या एका शब्दानं धाकटीचं डोकं फिरलं. आठ महिने पडून असलेल्या देहासाठी हळू. डॉक्टरांनी लिहून दिलंय की ऐकू येण्याची शक्यता नाही, त्याच्यासाठी हळू. तिनं मनात साठवलेलं सगळं काढलं. “जन्मभर हळूच केलंस. दादा उभा होता, त्याची चड्डी ओली झाली, तेव्हा तू त्या दारात उभी राहून हात पुसत होतीस. हात कोरडेच होते, आई. मी बघत होते. एक शब्द? ‘पोराला जाऊ द्या’ एवढा एक शब्द तुला काढता आला नाही? आणि आता तीच भीती नातीच्या गळ्यात बांधतेस?”

आईनं कागद नीट गोळा केले, कडा जुळवल्या आणि परत दिले. कागदांचा आवाज झाला नाही.

६

संध्याकाळी ती दादाशी फोनवर बोलली. पोरीला तिथून काढणं हा एक मार्ग होता. पण मग पोरीला काय कळेल? की पळालो म्हणजे भिण्यासारखं तिथे काहीतरी होतंच. धाकटीनं याबद्दल वाचलं होतं. भीतीची वेळ आली की तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि शरीराला दाखवून द्यायचं, की बघ, काही होत नाही. चार-दहाला त्या घरात एक सणसणीत आवाज करायचा. पोरीच्या डोळ्यांदेखत. झालं.

“बाबांना काही झालं तर?” दादानं विचारलं.

“त्यांना आणखी काय व्हायचं राहिलंय?”

दादाच्या मागे छापखाना खडखडत होता. “काय करायचं ते कर, तोफ,” तो म्हणाला. “पण तिचा आवाज मला परत आणून दे.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अर्धी रजा काढून ती साडेतीनला पोचली. बाहेर लख्ख ऊन. खालच्या मजल्यावर कोणीतरी गाद्या झटकत होतं. भिंगरी बाहेरच्या खोलीत मेणाच्या खडूनं चित्र काढत होती. पेन्सिल नाही, पेन्सिल करकरते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

धाकटीनं भिंगरीला पट्टी लावली. नवं यंत्र फोनलाही जोडता यायचं, रेघ आत्ताच तिच्या फोनवर दिसत होती. ब्याण्णव.

“आत्या, आज उंदीर काय ऐकणार?”

“आज गंमत ऐकणार.”

पावणेचारला ती पडदा सारून आत गेली. मुलगी म्हणून नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं, दवाखान्यातली बाई म्हणून. खोलीत औषधाचा आणि साबणाचा वास. भिंतीवर आईनं कागद चिकटवला होता, कधी कुठल्या कुशीवर वळवायचं त्याचा: दहा डावी, बारा उजवी, दोन डावी. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून. चारसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. खालची नोंद एकदम पाचची: ‘उजवीकडून डावी.’ पण दोनला डाव्या कुशीवर ठेवलेला माणूस पाचपर्यंत डावीकडेच असणार, मग ‘उजवीकडून’ कसा? चुकून उलटं लिहिलं असणार. तिला हसू आलं. आईच्या नोंदी!

बाबा डाव्या कुशीवर होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. इतके लहान दिसत होते, की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. या माणसाला घाबरत होतो आपण? गेलेला उजवा हात पांघरुणावर ठेवलेला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

ती वळणार, तेवढ्यात त्या हाताचा अंगठा हलला.

तो हळूच तर्जनीवर टेकला. मग मधल्या बोटावर. मग अनामिकेवर. तिथे थांबला. करंगळीकडे गेला नाही.

स्नायूंची थरथर. तिला माहीत होतं, असं होतं, मेलेल्या बाजूलाही होतं. कित्येक पेशंटांच्या नातेवाइकांना तिनं स्वतः समजावून सांगितलं होतं, की आशा लावू नका, याला अर्थ नसतो.

पडद्याबाहेर आई होती आणि भिंगरी होती. आणि इथे ती. तिघी.

तिनं पडदा सोडला आणि बाहेर आली. अर्थ नसतो.

७

चारला आईनं घड्या बाजूला ठेवल्या. खिडकी लावून घेतली. खालचा गाद्या झटकण्याचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. मग ती भिंतीशी पाय दुमडून बसली आणि कोणी न सांगता भिंगरी खडू ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचे हात मांडीवर. रोजचं असावं ते.

ती स्वयंपाकघरात गेली. सगळ्यात मोठं पातेलं घेतलं. त्यातलं फडकं काढून टाकलं. त्यात सगळी झाकणं भरली, पळ्या, चमचे, ताटल्या. पातेलं जड झालं. ते दोन्ही हातांनी छातीशी धरून ती दारात येऊन उभी राहिली. आईच उभी राहायची, त्याच दारात. हे तिच्या लक्षात आलं आणि ती एक पाऊल पुढे आली.

आईनं पातेलं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मान हलवू लागली. नको. नको. नको. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“भिंगरे,” धाकटी म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं, “बघ हं, आता काय होतं. काहीही होत नाही.”

चार वाजून नऊ. समोर फरशीवर ठेवलेल्या फोनवर ब्याण्णव. ब्याण्णव. शहाण्णव.

चार-दहाला आकडा एकशे चौदा झाला, एकशे तीस झाला. धाकटीनं पातेलं डोक्याच्या वर नेलं आणि फरशीवर आपटलं.

त्या घरात असा आवाज कधी झाला नव्हता. झाकणं भिंतीवर जाऊन फुटल्यासारखी वाजली, पळ्या पडद्याखालून पलंगाखाली गेल्या, एक ताटली गोल गोल फिरत राहिली, फिरत राहिली, आणि खाली बसताना अधिकच खणखणली. मग तीही थांबली.

काही झालं नाही.

धाकटीला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं! “बघितलंस? भिंगरे, बघितलंस? झालं का काही?”

भिंगरीनं तिच्याकडे बघितलं. कुठल्याही सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर असू नये असा थकवा तिच्या चेहऱ्यावर होता.

“आत्या,” ती कुजबुजली, “ते परत झोपणार होते.”

आणि धाकटीला आपलं काळीज ऐकू आलं. आठवडेच्या आठवडे फक्त पडद्यावर दिसलेलं, कधी न जाणवलेलं. ते कानांत, दातांत, नखांत वाजू लागलं. पडद्यापलीकडे पलंग करकरला. मग फरशीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, मऊ, रुंद, जड. थोड्या वेळानं तसाच दुसरा.

डावा. मग उजवा.

उजवं अंग गेलेलं आहे, तिचं डोकं म्हणत होतं. उजवं अंग गेलेलं आहे. डोकं फार लांबून बोलत होतं.

८

तिचे पाय हलेनात. पळायचं होतं, पोरीला उचलायचं होतं. गुडघे जुळलेले, हात बाजूला सरळ, हनुवटी खाली. पलंगासमोर असंच उभं राहायचं असे.

आई मात्र उठली. सत्तरीला टेकलेली बाई, जमिनीवरून उठायला तिला एरवी भिंतीचा आधार लागायचा. ती एकदम उठली, भिंगरीच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि धाकटीच्या अंगावर टाकलं. पोरीचं वजन पडलं तेव्हा कुठे धाकटीचे हात हलले.

“जा,” आई म्हणाली. “हिला घेऊन जा. परत आणू नकोस.”

“आई, तू पण...”

“मी सांगते त्यांना.”

“काय सांगतेस? आई, चल ना!”

आईनं तिच्या गालाला हात लावला. हात ओला होता, घामानं चिंब. मग तिनं दोघींना दाराबाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. चिंधी बांधलेली कडी, तिचा आवाज आला नाही.

धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. भिंगरी तिच्या गळ्याला घट्ट बिलगलेली. खाली अंगणात ऊन होतं, गाद्या वाळत होत्या, कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं. दारावर धक्के मारावेत, शेजाऱ्यांना बोलवावं, दादाला फोन करावा. फोन आतच राहिला होता.

दाराआडून आईचा आवाज आला. कुजबुज नव्हती. तिचा खरा आवाज असा होता तर, थोडा चिरका, तरुण.

“माझ्या हातून पडलं.”

मग ती थांबली, समोरच्याला बोलू द्यायला माणूस थांबतो तसं.

“नाही हो. ती कुठे? ती आलीच नाही आज.”

पुन्हा तशीच थांबली. या वेळी जास्त वेळ.

“तीन नाही,” आई म्हणाली. “मी एकटीच आहे.”

धाकटीनं दाराला हात लावला. लाकूड गार होतं. तोंड उघडलं. दवाखाना डोक्यावर घेणारा आवाज तिच्या छातीत होता, घशापर्यंत आला होता. तिथे तो थांबला. भिंगरीचं काळीज तिच्या काळजाला लागून, तिच्याच वेगानं, धावत होतं.

आतून आणखी काही ऐकू आलं नाही. आईचंही नाही.

नंतर तिनं दादाला सांगितलं, की मी दार ठोठावलं, ओरडले, शेजाऱ्यांना हाका मारल्या. तिला तसंच आठवत होतं.

प्रत्यक्षात ती केव्हाच वळली होती. पाठीमागे दार बंद होतं आणि ती जिना उतरत होती, एक-एक पायरी, चवड्यांवर, कठड्याला न लागता. तळवा भिंगरीच्या तोंडावर घट्ट दाबलेला होता. तो तिथे कधी गेला, ते तिला कळलंही नव्हतं.